आहे, असावे आणि म्हणे
(साष्टीच्या लेण्यांत वाटाड्यासह एक दिवस)

आपल्या प्रवासवर्णनांतून वाटाड्या भेटतो तो बहुधा विनोदी पात्र म्हणून. पाठ केलेली माहिती एका दमात म्हणून दाखवणारा, मध्येच थांबवले की गडबडणारा आणि शेवटी बक्षिसीसाठी घुटमळणारा. या चित्रात गंमत असली तरी न्याय नाही. नव्या ठिकाणी पाऊल ठेवणाऱ्या माणसाला त्या जागेचा इतिहास प्रथम सांगतो तो हा वाटाड्याच. पुस्तक वाचणारे थोडे, वाटाड्याचे ऐकणारे पुष्कळ. म्हणून त्याने काय सांगावे आणि कसे सांगावे, हा इतिहासाच्या अभ्यासाचाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तो एका दिवसाच्या अभ्याससहलीच्या आधाराने मांडावयाचा आहे.

ही सहल लांबची नव्हती. उपनगरात पाहण्यासारखे काय आहे, असे आपण सहज विचारतो आणि गावाहून आलेल्या पाहुण्याला गेटवे ऑफ इंडिया दाखवायला निघतो. परंतु बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर ही सारी स्थानके ज्या साष्टी बेटावर आहेत, त्या बेटाच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास कोरलेला आहे. कान्हेरी, मंडपेश्वर, जोगेश्वरी आणि कोंडिविटे (म्हणजेच महाकाली) हे चार लेणीसमूह भल्या सकाळी निघाल्यास एका दिवसात पाहून होतात. वेळ तुटपुंजा पडतो हे खरे. पण चारही जागा एकाच दिवशी पाहिल्या की त्यांची तुलना आपोआप होते. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, तेवढा वार मात्र टाळावा.

आमचे वाटाडे होते इतिहासाचे सर. उद्यानाच्या दारापासून कान्हेरीकडे जाणाऱ्या बसमध्येच त्यांनी एक अट घातली. "आज प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यावर लिहा 'आहे', दुसऱ्यावर 'असावे', तिसऱ्यावर 'म्हणे'. मी जे बोलेन ते योग्य रकान्यात टाका. मी रकाना चुकलो, तर मला तिथेच थांबवा."

जे डोळ्यांना दिसते, हाताला लागते किंवा शिलालेखात वाचता येते, ते 'आहे'. त्यावरून अभ्यासक जे अनुमान काढतात, ते 'असावे'. लोकांच्या तोंडी जे चालत आले, ते 'म्हणे'. मराठी भाषेने हे तीन शब्द आपल्याला फुकट दिले आहेत. एरवी आपण ते एकमेकांत मिसळतो. चांगला वाटाड्या ते वेगळे ठेवतो.

कान्हेरी : दगडाची साक्ष

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी. शिलालेखांतील प्राकृतात 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह हे येथील मुख्य लेणे. त्यातील लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाव येते, त्यामुळे या कामाचा काळ इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा ठरतो. काम आरंभिले गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी. आराखडा कार्ल्याच्या चैत्यगृहावरून घेतलेला दिसतो. पण आतले सगळे खांब पुरे घडवलेले नाहीत. दर्शनी भागात दात्या दांपत्यांची शिल्पे आहेत, तर ओसरीच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच अशा बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या दोन-तीन शतकांनंतरच्या. म्हणजे एकाच दारात उभे राहून दोन वेगवेगळे काळ पाहता येतात.

पण आमच्या वह्यांतला पहिला रकाना खऱ्या अर्थाने भरला तो पाण्याच्या टाक्यांपाशी. जवळजवळ प्रत्येक विहारासमोर खडकात खोदलेले टाके आहे. वरच्या कातळावर बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी तिकडे वळवले आहे. लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. ती कोणी दिली? राजांनी थोडी, बाकीची व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, भिक्षूंनी आणि भिक्षुणींनी. दात्यांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे. सोपारा आणि चौल येथील माणसे आहेत. आज कल्याणहून आणि नालासोपाऱ्याहून लोकलने कामावर येणारा माणूस आणि हे दाते, दोघांचा पत्ता एकच! इतिहास म्हणजे राजांची यादी, हा आपला शाळेतला समज इथे टाक्याच्या काठावर बसल्या बसल्या ढासळतो.

पुढच्या काळातील लेख आणखी बोलके आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक उत्तर कोकणचे शिलाहार यांची नावे असलेला शके ७६५ (इ. स. ८४३) चा लेख येथे आहे. त्यात दुरुस्तीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठी द्रम्म, म्हणजे तेव्हाची नाणी, दिल्याची नोंद आहे. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाची रक्कम सर्वांत शेवटी येते, असे म्हणणाऱ्यांनी हा लेख अवश्य लक्षात ठेवावा.

अकरावे लेणे लोक 'दरबार' म्हणून ओळखतात. लांबलचक दालन, मध्ये समांतर गेलेले दोन बुटके दगडी ओटे. आमच्या वर्गातील एकाने वहीत 'राजाचा दरबार' असे लिहून टाकले. सरांनी विचारले, "सिंहासन कुठं आहे रे? ओटे आहेत, हे 'आहे'. भिक्षू ओळीने बसून पठण किंवा भोजन करत, हे 'असावे'. दरबार हे 'म्हणे'." एका दालनात तिन्ही रकाने असे सापडले.

नव्वदाव्या लेण्यातील नोंद मात्र आम्हा सर्वांना अनपेक्षित होती. तेथे पहलवी लिपीत, म्हणजे प्राचीन इराणी लिपीत, लेख आहेत. त्यांवर इ. स. १००९ आणि १०२१ या सालांच्या तिथी आहेत. त्यांत दान नाही, मागणी नाही; आहेत ती येथे येऊन गेलेल्या जरथुश्त्री मंडळींची नावे. एक हजार वर्षांपूर्वी परधर्मीय लोकांचा जथा हा डोंगर चढून आला आणि आपण आल्याची खूण ठेवून गेला. यांना लेणी कोणी दाखवली असतील? त्या वाटाड्याचे नाव कोठेच नाही. वाटाड्याचे नाव राहत नाही, राहते ते त्याने दाखवलेले. (आज कोणी भिंतीवर नाव कोरू पाहील तर ते मात्र गुन्ह्यात मोडते, हेही येथेच सांगितले पाहिजे.)

'म्हणे'चा रकानाही कान्हेरीला रिकामा राहत नाही. येथून भुयार निघून फार दूर जाते, ही कथा आजही ऐकू येते. ती नवी नाही. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो (मृत्यू १६१६) याने ती नोंदवली आहे. आंतोनियो दो पोर्तो नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री भुयाराचा शोध घेण्यास आत शिरला आणि कित्येक दिवस चालूनही त्याला अंत लागला नाही, अशी ही हकीकत. चारशे वर्षांपूर्वी लिहिली गेली म्हणून ती 'आहे'च्या रकान्यात जात नाही. 'म्हणे' कितीही जुने झाले तरी ते 'म्हणे'च. मात्र त्या पाद्र्याचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्याच मुक्कामी ते पुन्हा भेटते.

मंडपेश्वर : एका भिंतीवरचे दोन काळ

बोरिवली पश्चिमेस आय. सी. कॉलनीच्या लगत मंडपेश्वर आहे. हे शैव लेणे. शैलीवरून ते सहाव्या शतकाच्या सुमाराचे 'असावे'. आत नटराजाचा शिल्पपट आहे. झिजलेला, तरीही नृत्याची लय हरवलेली नाही. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर याच आंतोनियो दो पोर्तोच्या पुढाकाराने लेण्याचे प्रार्थनामंदिर झाले, वर मठ आणि विद्यालय उभे राहिले. त्या इमारतीच्या भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर उभ्या आहेत. आतील एका भिंतीवरचे शिल्प तासून तेथे मोठा क्रूस कोरलेला आहे. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली आणि लेणे पुन्हा शिवाकडे आले. आज येथे पूजा होते, आणि शेजारच्या चर्चमध्ये प्रार्थनाही होते.

वाटाड्याची खरी परीक्षा येथे आहे. यातील अर्धी गोष्ट सांगितली तर श्रोत्यांच्या मुठी वळतात, उरलेली अर्धी सांगितली तर ते कंटाळतात. शिल्प तासले गेले हे 'आहे'. ते लपवू नये. त्याच ठिकाणी विद्यालय चालले हेही 'आहे'; तेही लपवू नये. परंतु ज्या माणसांनी हे केले, त्यांचा हिशेब आज शेजारी राहणाऱ्या माणसांकडे मागणे हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. सरांनी चारही टप्पे सालांसह, आवाज न चढवता सांगितले. कोणीतरी म्हणाले, "सर, तुम्हाला राग नाही येत?" ते म्हणाले, "येतो ना. पण तो माझा आहे, भिंतीवरचा नाही. तो तुमच्या वहीत कशाला?"

वाटेतले मागाठाणे

मंडपेश्वरहून पूर्वेला परतून आम्ही जोगेश्वरीसाठी मेट्रो धरली. वाटेत 'मागाठाणे' हे स्थानक लागते. कान्हेरीच्या एका लेखात 'मगलठाण' गावातील शेत दान दिल्याचा उल्लेख आहे आणि अभ्यासक ते गाव म्हणजेच हे मागाठाणे मानतात. एका खेड्याचे नाव इतक्या शतकांतून टिकून मेट्रोच्या पाटीवर आले, याचे नवल करावे तेवढे थोडे. मागाठाण्याला स्वतःची बौद्ध लेणी आहेत. ती मात्र वस्तीच्या दाटीत आणि पडझडीत ओळखू न येण्याजोगी झाली आहेत. नाव राहिले आणि वास्तू चालली. आमच्या वह्यांना येथे चौथा रकाना हवा होता. त्याचे नाव 'होते'.

जोगेश्वरी : 'म्हणे'चा मान

जोगेश्वरीचे लेणे जमिनीच्या पातळीखाली आहे. दाट वस्तीतून जाणारी वाट अचानक पायऱ्यांनी खाली उतरते, आणि सुमारे अडीचशे फूट लांबीच्या या शैव लेण्यात आपण शिरतो. काळ सहाव्या शतकाचा मानतात. घारापुरीच्या लेण्याशी त्याचे नाते सांगितले जाते. मध्ये खांबांनी वेढलेला सभामंडप, त्यात चौकोनी गाभारा. लकुलीश, सारीपाट खेळणारे शिवपार्वती अशी शिल्पे ओळखू येतात, पण कष्टाने. येथील दगड ज्वालामुखीच्या उद्रेकातील तुकडे घट्ट होऊन बनलेला, ठिसूळ जातीचा. त्यात वरून झिरपणारे पाणी. लेण्याच्या माथ्यावर आणि भोवती घरे झाली, त्यांचे सांडपाणी खाली आले.

येथे आमच्यापैकी काहींनी वस्तीतल्या लोकांना नावे ठेवायला सुरुवात केली. सर म्हणाले, "या शहराला कामाला माणसं हवी होती, ती आली. त्यांना घर कोणी दिलं? मोकळी जागा दिसली तिथं ती राहिली. लेणं वाचवायचं तर त्यांना शिव्या देऊन वाचणार नाही. त्यांना हे लेणं त्यांचं वाटलं पाहिजे."

गाभाऱ्यात देवी जोगेश्वरीची पूजा चालते. दर्शनाला आलेल्या एक आजी दिवाबत्ती करून बसल्या होत्या. आम्ही त्यांना लेण्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "बाळांनो, हे देवीचं घर. माणसानं नाही बांधलेलं, तिनंच केलंय." साऱ्यांनी हे मुकाट्याने तिसऱ्या रकान्यात लिहिले. एकजण हसला, तेव्हा सरांनी त्याला बाहेर आल्यावर विचारले, "हे लेणं आज झाडलेलं कोणी होतं? तुझ्या पहिल्या रकान्यानं, की आजींच्या तिसऱ्या रकान्यानं?"

दिवसभरातील सर्वांत महत्त्वाचा धडा मला हा वाटतो. 'म्हणे' वेगळे ठेवायचे ते टाकून देण्यासाठी नव्हे. लोकांची श्रद्धा ही इतिहासाचा पुरावा नसते, पण वास्तूचा राखणदार असू शकते. जोगेश्वरीत दिवा लागतो म्हणून माणसांची ये-जा आहे. मागाठाण्याच्या लेण्यांना असा राखणदार लाभला नाही.

अलीकडे मराठी कुटुंबे सहल कंपन्यांबरोबर व्हिएतनामला जातात. दा नांग शहरात उतरायचे, एक दिवस वाटाड्या घ्यायचा, चाम शिल्पांचे संग्रहालय पाहायचे आणि सुमारे सत्तर किलोमीटरवरील मी सन येथे जायचे. तेथे चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून पुढे शिवमंदिरे उभारली. भद्रवर्मा राजाचा भद्रेश्वर हा तेथला मूळ देव. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातील बरीच मंदिरे पडली. तरीही १९९९ मध्ये मी सनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनीही तेथे दुरुस्तीचे काम केले. हे अवश्य पाहावे. पण युद्धात पडलेली मंदिरे वाटाड्याच्या बोलण्यातून पुन्हा उभी राहू शकतात, तर आपल्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावरचे, न पडलेले लेणे आपल्याला दिसत का नाही? उत्तर सोपे आहे. तेथे सांगणारा आहे, येथे नाही.

कोंडिविटे : शांत झालेले लेणे

दिवस कलताना आम्ही अंधेरी पूर्वेला कोंडिविट्याच्या टेकडीवर पोहोचलो. रस्ता, बस, लेणी साऱ्यांना नाव महाकालीचे. ते जवळच्या देवळावरून आलेले. लेणी मात्र बौद्ध आहेत, एकूण एकोणीस. नववे लेणे पाहण्यासाठी मुद्दाम यावे. लांबट दालनाच्या शेवटी दगडातच कोरलेली एक गोल खोली आहे. गवताने शाकारलेल्या झोपडीसारखी, दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेली. आत स्तूप. अशी रचना पाहिली की बिहारमधील बराबर टेकड्यांवरच्या मौर्यकालीन गुहा आठवतात. म्हणून चार समूहांत येथील आरंभ सर्वांत जुना 'असावा', असे अभ्यासकांचे मत. जवळच ब्राह्मी लिपीत एक दानलेख आहे: विहाराचा दाता ब्राह्मण, घेणारा बौद्ध संघ. धर्माधर्मांतल्या भिंती आपण समजतो तितक्या उंच नेहमीच नव्हत्या, हे सांगायला ही एक ओळ पुरेशी आहे.

पण ती ओळ दरवर्षी थोडी थोडी पुसट होते आहे. येथलाही दगड ठिसूळ, पाऊस साष्टीचा. शिलालेखाचे अक्षर गेले की पहिल्या रकान्यातले वाक्य चौथ्या रकान्यात जाते. 'आहे'चे 'होते' होते.

काय करता येईल

या दिवसातून काढावयाचा निष्कर्ष थोडक्यात असा. वाटाड्या किती सांगतो यावरून त्याची योग्यता ठरत नाही. आपण सांगतो ते कोणत्या रकान्यातले आहे हे तो श्रोत्याला कळू देतो की नाही, यावरून ती ठरते. 'असावे'ला 'आहे' म्हणणारा श्रोत्याला फसवतो. 'म्हणे'ला हसणारा त्या जागेवर प्रेम करणाऱ्यांना दुखावतो. आणि 'आहे' पाहायलाच न जाणारा नकळत 'होते'ला हातभार लावतो.

आपले महाविद्यालय कला शाखेचे आहे. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे विषय शिकून पुढे काय, हा प्रश्न आपल्याला घरी-दारी ऐकावा लागतो. सगळ्या उत्तरांत नोकरीचे उत्तर असेलच असे नाही. पण एक उपयोग या दिवसाने तरी दाखवला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लेख वाचावेत, मराठीच्या विद्यार्थ्याने आजींची कथा जशीच्या तशी उतरून घ्यावी, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तीतल्या माणसांशी बोलावे. महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाने दर वर्षी दहा विद्यार्थी तयार केले आणि महिन्यातील एका रविवारी त्यांनी आसपासच्या शाळांतील मुलांना एकच लेणे नीट दाखवले, तरी पाच वर्षांत या उपनगरात पन्नास वाटाडे होतील. खर्च बसभाड्याचा आणि प्रवेशशुल्काचा; साहित्य म्हणजे तीन रकान्यांची वही.

पहिले लेणे जोगेश्वरीचे घ्यावे, अशी माझी सूचना आहे. ते सर्वांत जवळ आहे, तेथील दगड सर्वांत थकलेला आहे, आणि तेथील मुलांना दाखवायला ते लेणे त्यांच्याच दाराशी आहे.